आटा आणि चूडी

मराठीत ज्याला बोल्टाचा आटा म्हणतात, त्याला भिलाईच्या पावर हाउस भागातील बाजारात चूडी म्हणतात, आणि छत्तीसगढी बोलणाऱ्या कारागिराच्या तोंडी तिचीच चूरी होते. वस्तू एकच. पोलादी दांड्याच्या अंगावरून वळसे घेत चढत जाणारी ती बारीक कड, आणि नटाच्या पोटात तिच्यासाठी कोरलेली खाच. परंतु नावांतील हा भेद नागपूरहून १९७१ साली नोकरीसाठी भिलाईस आलेल्या एका वीस वर्षांच्या टर्नरास पहिल्याच आठवड्यात नडला. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन त्याने आपल्या नवशिक्या हिंदीत, आटा गेलेला नट बदलून हवा, अशी मागणी केली. तेव्हा दुकानदाराने मोठ्या सौजन्याने त्याला पिठाच्या गिरणीचा रस्ता दाखविला.

पुढे चाळीस वर्षे पोलाद कारखान्याच्या यंत्रशाळेत आटे पाडण्यातच गेली. कामावर चूडी आणि घरात आटा, अशी शब्दांची वाटणी आपोआप होऊन गेली. या मुलखात अशी वाटणी नवी नाही. भिलाईच्या पश्चिमेस असलेल्या राजनांदगावी १९५८ पासून अध्यापन करणाऱ्या गजानन माधव मुक्तिबोधांच्या घरची भाषा मराठी होती आणि कविता हिंदी. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र नागपुरास राहून मराठीत लिहीत होते. टर्नराच्या घरी साहित्य नव्हते, एवढाच काय तो फरक.

पावर हाउस हे नाव रेल्वेच्या वेळापत्रकातही आहे. हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावर दुर्ग आणि रायपूर यांच्या दरम्यान भिलाई पावर हाउस हे स्थानक लागते. लोहमार्गाच्या दक्षिणेस पोलाद कारखाना आणि त्याची आखीव सेक्टरांची वसाहत. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या आराखड्यात जे बसले ते दक्षिणेस वसले. जे बसले नाही, ते उत्तरेस: जी. ई. रोड, त्यावरचा बाजार, कॅम्पांच्या वस्त्या, आणि नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींकडे जाणारा नंदिनी रोड, ज्याच्या आसपास खाजगी लहानमोठे कारखाने उभे राहिले. १ जुलै १९९२ रोजी याच पावर हाउस स्थानकात, रुळांवर बसलेल्या त्या खाजगी कारखान्यांतील कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात अनेक कामगार मृत्युमुखी पडले. दक्षिणेकडील नोकरदार माणसास तो दिवस ऐकून ठाऊक असतो. उत्तरेकडील माणसास तो घरातला असतो.

२०११ मध्ये निवृत्त झाल्यावर टर्नरांनी सेक्टरातले निवासस्थान सोडले आणि नंदिनी रोडच्या बाजूस लहानसे घर बांधले. निवृत्तीच्या पैशांतून एक लहान मोटारही घेतली. ती मोटार आता म्हातारी झाली आहे आणि तेही चौऱ्याहत्तरीस पोहोचले आहेत. परंतु मोटारीखालचे काम दुसऱ्याच्या हाती द्यावयाचे नाही, हा त्यांचा नेम होता. तो नेम गेल्या पावसाळ्यानंतर मोडला, आणि ज्या बोल्टामुळे मोडला तो सस्पेन्शनचा होता.

सस्पेन्शन या शब्दास मराठी परिभाषेने निलंबन असा प्रतिशब्द दिला आहे. कारखान्याच्या गावात दोन्ही शब्द ऐकताच प्रथम आठवते ते नोटीसफलकावर लागलेले पत्र. मोटारीचे निलंबन निराळे. चाक रस्त्याच्या खाचखळग्यांबरोबर वरखाली व्हावे, पण पुढेमागे किंवा आडवे सरकू नये, यासाठी पुढच्या प्रत्येक चाकास खालून एक पोलादी हात धरून असतो. तो हात मोटारीच्या तळाशी रबरी बुशांच्या साहाय्याने जोडलेला असतो. मागच्या बुशावरून एक पट्टी जाते आणि दोन बोल्टांनी तळास आवळली जाते. बोल्ट ज्या नटांत शिरतात ते नट तळाच्या बंद पेटीत आतून वेल्ड केलेले असतात. तेथे बोटही पोहोचत नाही. ब्रेक दाबला की चाकाचा सारा जोर त्या हातावरून या पट्टीवर येतो. पट्टी सैल असेल तर चाकाची दिशा बदलते आणि मोटार एका अंगास ओढली जाते. गावातल्या गावात हे फारसे जाणवत नाही. ट्रकांनी गजबजलेल्या महामार्गावर जाणवते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

टर्नरांची कन्या दिवाळीनंतर नागपूरहून माहेरी आली होती. तिने परत जाताना हीच मोटार घेऊन जावी, असे ठरले होते. नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. म्हणून जुने झालेले बुश त्यांनी स्वतः बदलले. डावीकडचे काम निर्वेध झाले. उजवीकडचा एक बोल्ट गंजला होता. त्यांनी तो तारेच्या ब्रशने घासला, पुन्हा गंजू नये म्हणून त्यास ग्रीस लावले, हाताने दोनतीन वेढे सरळ शिरतो याची खात्री करून घेतली, आणि पान्याच्या दांड्यास लांब पाइप जोडून आवळण्यास सुरुवात केली. हातास कळते, अशी त्यांची श्रद्धा होती. किती आवळावे हे सांगणारा काट्याचा पाना त्यांनी कधी विकत घेतला नव्हता. विरोध वाढत गेला. मग आणखी थोडे, एवढ्यावर हाताखालचा विरोध एकाएकी नाहीसा झाला. बोल्ट फिरत राहिला आणि पुढे सरकेना.

बोल्ट दोन वस्तू जोडतो तो आपण स्वतः ताणला जाऊन. डोके एका बाजूस अडते, आटे दुसऱ्या बाजूस ओढतात, आणि मधला दांडा अत्यंत ताठ अशा स्प्रिंगप्रमाणे किंचित लांबतो. त्या लांबण्यातूनच पकड निर्माण होते. पान्यावर जो जोर लावला जातो त्यातील निम्मा डोक्याखालच्या घर्षणात खर्च होतो, चाळीसएक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि दांडा ताणण्यास उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. आट्यांवर ग्रीस आले की घर्षण घटते आणि तोच जोर दांड्यास कितीतरी अधिक ताणतो. हे सारे टर्नरांस ठाऊक होते. नव्या शिकाऊंस त्यांनी ते अनेकदा शिकविले होते. शिवाय सगळे आटे भार सारखा वाटून घेत नाहीत. नटाच्या तोंडाशी असलेला पहिला आटा एकटाच सुमारे एक तृतीयांश भार पेलतो. तो प्रथम जातो, मग दुसऱ्यावर तेवढा भार येतो, मग तिसऱ्यावर. बाहेरून पाहणारास वाटते की क्षणात सारे संपले. आत मात्र ते क्रमाक्रमाने झालेले असते.

त्यांनी बोल्ट बाहेर काढला. डोक्यावर १०.९ हे अंक होते, म्हणजे पोलाद उत्तम प्रतीचे. त्याचे आटे शाबूत होते आणि त्या आट्यांत, एखाद्याने मुद्दाम गुंडाळावी तशी, एक चकचकीत तार वेढे घेऊन बसली होती. ती तार म्हणजे नटाचे आटे. कठीण बोल्टाने मऊ नटाच्या पोटातील खाच मुळापासून सोलून आणली होती.

त्या रात्री त्यांनी कोणास काही सांगितले नाही. बोल्ट पुन्हा जागेवर घातला. नटाच्या अगदी आतल्या टोकाशी अर्धामुर्धा आटा उरला असावा. तेवढ्यावर तो टेकला. शेजारचा दुसरा बोल्ट पक्का होता. खालून वाकून पाहणारास दोन्ही सारखेच दिसले असते. चौकातल्या कोणत्याही दुकानात असे शेकडो बोल्ट नुसते दिसण्यापुरते आपापल्या जागी बसलेले असतात आणि त्या मोटारी चालतही असतात, हा विचार त्यांच्या मनात आला नसेल असे नाही. खरे अवघड होते ते दुसरेच. चूक कोणाची, या प्रश्नास फक्त एकच उत्तर होते.

पहाटे उठून त्यांनी माळ्यावरची लाकडी पेटी काढली. ती त्यांच्या वडिलांची. वडील नागपूरच्या मोतीबाग कार्यशाळेत, अरुंदमापी रेल्वेच्या इंजिनांवर काम करीत. १८७९ पासूनच्या त्या कार्यशाळेत सारे मोजमाप इंचांचे आणि आटे व्हिटवर्थचे. पेटीत तेलकट फडक्यात टॅप आणि डाय होते. बाराचा बोल्ट गेला, तर अर्ध्या इंचाचा म्हणजे १२.७ मिलिमीटरचा व्हिटवर्थ टॅप त्या भोकात फिरवावा आणि वडिलांच्या वेळचा बोल्ट बसवावा, असा तो बेत होता. त्यांनी कागद घेतला. सोलल्या गेलेल्या भोकाचा व्यास १२ मिलिमीटर. अर्ध्या इंचाचा आटा त्यात दोन्ही बाजूंस प्रत्येकी ०.३५ मिलिमीटर एवढाच रुतणार. अर्ध्या इंची व्हिटवर्थला इंचास १२ आटे. त्याची पुरी खोली १.३५ मिलिमीटरच्या घरात. म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा. आटा दिसेल, हातास लागेल, आणि पहिल्या ब्रेकला जाईल. त्यांनी टॅप पुन्हा फडक्यात बांधून ठेवला.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे, कारण व्हिटवर्थची कथा भाषेच्या अभ्यासकांच्या जिव्हाळ्याची आहे. जोसेफ व्हिटवर्थच्या काळी इंग्लंडातील प्रत्येक कारखान्याचा आटा निराळा असे. एका गावचा नट दुसऱ्या गावच्या बोल्टावर चढत नसे. त्याने नवा आटा मनाने कल्पिला नाही. ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली, सरासरी काढली, आणि १८४१ साली ५५ अंशांच्या कोनाचा एकच आटा सर्वांनी स्वीकारावा असे सुचविले. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ चे. बोलींच्या गोंधळातून प्रमाण रूप काढण्याचे काम तेव्हा दोन अगदी निराळ्या क्षेत्रांत सुरू होते. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा मांडला. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या यंत्रांचे सुटे भाग एकमेकांस लागत नाहीत, हे महागात पडले. तेव्हा कुठे १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी सामाईक आटा मान्य केला. भिलाईत रशियन यंत्रांबरोबर मेट्रिक आटे आले. मोतीबागेतील वडिलांचा आटा ५५ अंशांचा, भिलाईतील मुलाचा ६० अंशांचा. पाच अंशांचा फरक डोळ्यास दिसत नाही. चुकीचा नट दोन वेढे अगदी आपलेपणाने चढतो आणि मग अडकतो.

सकाळी चहाच्या वेळी त्यांनी कन्येस सांगितले. "गाडी आज नेता येणार नाही. माझ्या हातून एक बोल्ट बिघडला."

"तुमच्या हातून, बाबा?" असे तिने विचारले, आणि मग नागपूरला फोन करून रजा दोन दिवसांनी वाढवून घेतली.

मोटार अगदी हळू चालवीत पावर हाउसच्या एका दुकानात नेण्यात आली. दुकान म्हणजे पत्र्याचे छप्पर आणि खाली तेलाने काळी झालेली जमीन. मालक तिशीतला छत्तीसगढी कारागीर. त्याचे वडील नंदिनी रोडच्या बाजूच्या एका कारखान्यातून संपाच्या दिवसांत काढले गेले होते. दुकान त्यांनी त्यानंतर घातले. पोलाद कारखान्याच्या निवृत्त माणसांशी तो अदबीने वागे, परंतु त्या अदबीत थोडे अंतर असे. पट्टी सोडवून त्याने भोकात बोट फिरविले आणि निदान सांगितले. "चूरी मर गे हे, कका." नटाची चूडी मेली. मग क्षणभर थांबून म्हणाला, "नवा चूरी पहिराए ला परही."

दुकानातली दोन्ही पोरे हसली. टर्नरांस विनोद कळण्यास चाळीस वर्षांचा शेजार पुरेसा होता. छत्तीसगढात अनेक जातींत विधवा किंवा नवऱ्यास सोडलेली स्त्री दुसरा संसार मांडते तेव्हा तिला चूडी पहनाना, म्हणजे बांगड्या भरणे, हाच विधी असतो. महाराष्ट्रात ज्यास पाट किंवा मोहतूर म्हणत, त्यातलाच हा प्रकार. नटाचा पाट लावावा लागणार होता. आटा या शब्दात हा अर्थ बसविता आला नसता, हे मराठी माणसाने मान्य केले पाहिजे.

वाटा तीन होत्या. भोक मोठे करून चौदाचा बोल्ट घालावा, तर पट्टीचे भोकही वाढवावे लागते आणि पट्टी अशक्त होते. पेटी कापून नवा नट वेल्ड करावा, तर उष्णतेने पत्रा वाकतो, आतला रंग जळतो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज तेथूनच लागतो. तिसरी वाट तारेच्या वेटोळ्याची, ज्यास बाजारात हेलिकॉइल म्हणतात. भोक किंचित मोठे करून त्यात खास टॅपने आटे पाडावयाचे आणि त्यांत समभुज चौकोनी छेदाच्या स्टेनलेस पोलादी तारेचे वेटोळे बसवावयाचे. वेटोळ्याची बाहेरची कड नटात रुतते आणि आतली कड बोल्टास पूर्वीच्याच मापाचा आटा देते. मोकळे असताना वेटोळे भोकाहून थोडे मोठे असते. पिळून आत घातले की ते फुलू पाहते आणि म्हणून घट्ट राहते. नीट बसविलेल्या वेटोळ्याची जोडणी मूळच्या आट्यांहून दुबळी नसते, कारण भार आता अधिक व्यासावर विभागला जातो. मात्र नटाची भिंत पुरेशी जाड हवी. टर्नरांनी शेजारचा भाग मोजून हिशेब केला: नव्या टॅपचा बाहेरचा व्यास १३.६ मिलिमीटर, भिंत अडीच मिलिमीटरहून थोडी अधिक उरणार. चालण्यासारखे होते.

वाद पडला तो सरळपणावरून. मोटारीखाली उताणे पडून, हातातले यंत्र वर धरून, १२.३ मिलिमीटरचे गिरमिट आणि मागाहून टॅप केवळ नजरेने सरळ घालता येईल, असे कारागिराचे म्हणणे. अंदाजाने त्याने अशी पुष्कळ कामे केली होती. टॅप वाकडा गेला तर बोल्टाचे डोके पट्टीवर एकाच कडेने टेकेल, असे टर्नरांचे. कालपर्यंत त्यांचाही सारा भरवसा अंदाजावर होता, हे त्यांनी बोलून दाखविले नाही. ते उठले आणि नंदिनी रोडवरच्या एका लहान कारखान्यात गेले. तेथील लेथ ओळखीची होती. मालकाने आढेवेढे घेतले नाहीत. जाड पट्टीस दोन भोके: एकातून शेजारच्या शाबूत नटात बोल्ट आवळून पट्टी मोटारीच्या तळाशी घट्ट बसवावयाची, दुसऱ्यात टॅपला वाट दाखविणारा पोलादी बुश. निवृत्तीनंतर प्रथमच ते लेथसमोर उभे राहिले. बुशाचे भोक टॅपच्या मापापेक्षा केसभर मोठे ठेवावयाचे होते. पहिला बुश मोठा झाला. तो बाजूस टाकून दुसरा केला, आणि त्यात तासभर गेला.

मग काम जलद झाले. लाकडी ओंडक्यांवर मोटार, डोळ्यांवर चष्मा, वरून गळणारा पोलादाचा भुगा. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलेले, म्हणजे किस त्यातच चिकटून राहावा. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. मागे फिरविताना किस तुटल्याची बारीक कटकट हातास लागे. बुशाच्या आधाराने टॅप सरळ गेला. वेटोळे आत शिरले, त्याचे आतल्या टोकाचे आडवे शेपूट ठोसून तोडले गेले आणि चुंबकाच्या कांडीने बाहेर काढले गेले.

दुसरा वाद बोल्टाचा. त्याचे आटे शाबूत असल्याने तोच घालावा, असे टर्नरांनी सुचविले. कारागिराने तो हातात घेऊन नव्या बोल्टाशेजारी उभा धरला. जुना नखाच्या कडेएवढा लांब होता. एकदा प्रमाणाबाहेर ताणलेले पोलाद मूळ लांबीवर परत येत नाही, हे सांगण्याची त्यास गरज पडली नाही. टर्नरांनी नवा बोल्ट घेतला, त्यावर ग्रीस लावले नाही, आणि कारागिराचा काट्याचा पाना मागून घेतला. उत्पादकाने दिलेल्या आकड्यास काटा पोहोचला, पाना कट् असा वाजला, आणि बोल्ट तेथेच राहिला. कारागिराने पांढऱ्या रंगाची एक रेघ बोल्टाच्या डोक्यावरून पट्टीवर ओढली. बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. रेघेखाली मोटार नंदिनीपर्यंत खडबडीत रस्त्याने नेऊन आणली. रेघ अखंड होती.

पैसे देताना टर्नरांनी बुश बसविलेली पट्टी दुकानातच ठेवून दिली. कारागिराने ती भिंतीवरच्या खिळ्यास टांगली आणि मजुरीतून लेथच्या भाड्याएवढी रक्कम वजा केली. या विषयावर दोघेही अधिक बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी कन्या निघाली. राजनांदगाव ओलांडून देवरीस पोहोचल्यावर चहासाठी थांबेल तेव्हा खाली वाकून रेघ पाहावी, असे तिला बजावले होते. तेथून तिचा फोन आला. रेघ सरळ आहे, असे तिने सांगितले.

"कोणत्या बाजूची पाहिलीस?" त्यांनी विचारले.

डावीकडची, असे उत्तर आले. त्यांनी तिला चहा खाली ठेवून उजव्या बाजूस जावयास लावले.